वर्तुळाचे अंडे कोणी केले?



पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर तेथे दोन रस्ते एकमेकांचा निरोप घेताना पाहिले असतील. एक जुना रस्ता घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कोकणातून गोव्याकडे. पुढच्या खेपेला तेथे बसची वाट पाहावी लागली, तर कंटाळू नका. येणाऱ्या गाड्यांच्या कपाळाकडे पाहा. रंगवलेल्या पाट्या तर असतातच, पण काही गाड्यांवर दिव्यांच्या ठिपक्यांनी गावाचे नाव उमटते. आता ‘पुणे’ हा साधा शब्द घ्या. मधल्या मजल्यावर ‘प’ आणि ‘ण’, तळमजल्यावर उकार, माडीवर मात्रा. असा हा तीन मजली शब्द! ‘कर्जत’मध्ये रफार आहे. पाटीवर ठिपक्यांच्या रांगा पुरेशा नसतील, तर रफार शिरोरेघेला चिकटतो किंवा उकाराचे शेपूट तुटते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांचे सात रांगांत भागते, आपले भागत नाही. हे निरीक्षण मनात ठेवा. आपल्याला शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

याच परिसरातील एका शाळेत गेल्या वर्षी मी काही कामानिमित्त गेलो होतो. शाळेला एका कचेरीने आपले जुने संगणक देणगी म्हणून दिले होते. यंत्रे जुनी, म्हणून त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घातलेली होती. भूमितीचा तास संगणकाच्या खोलीत चालला होता. सरांनी पडद्यावर वर्तुळ काढले आणि व्यास कसाही काढला तरी त्याची लांबी तीच असते, हे सांगितले. सातवीतील एक मुलगी उठली, कंपासपेटीतली पट्टी काढून तिने सरळ पडद्यावर लावली आणि म्हणाली, “सर, आडवा व्यास बारा सेंटिमीटर आहे आणि उभा दहाच.”

वर्गात हशा पिकला. सर म्हणाले, “पडदा खराब आहे तो. भंगारात द्यायचा आहे.”

सरांना मी दोष देत नाही. तीस मुले, चाळीस मिनिटे आणि चार पडदे; त्यांनी तरी काय करावे? पण त्या मुलीचे मोजमाप बरोबर होते, आणि पडदाही बरोबर होता. बिघडलेला होता तो या दोघांमधला एक करार. त्या कराराला संगणकाच्या भाषेत ‘मोड’ म्हणतात.

पडदा म्हणजे काही काच नव्हे, की मागे ठेवलेली वस्तू पुढे दिसावी. तो ठिपक्यांचा एक पाट आहे. त्या शाळेतील १९ इंची पडद्यावर आडव्या एका ओळीत १४४० ठिपके होते आणि अशा ९०० ओळी होत्या. गुणाकार करा: १२,९६,००० ठिपके. संगणकातील चित्रकार्ड सेकंदाला सुमारे साठ वेळा या साऱ्या ठिपक्यांचे रंग पडद्याला ओळीने सांगत असते. किती ठिपके, किती ओळी, सेकंदाला किती वेळा, हे दोघांनी आधी ठरवलेले असले पाहिजे. हे ठरवणे म्हणजे मोड.

आता त्या पडद्याची गंमत पाहा. कार्ड त्याला १४४० × ९०० ऐवजी १०२४ × ७६८ ठिपक्यांचे चित्र पाठवत होते. बिचाऱ्या पडद्याने काय करावे? हाती आले ते चित्र ताणून त्याने स्वतःची सगळी जागा भरली. आडव्या दिशेला ताण १४४० ÷ १०२४ म्हणजे सुमारे १.४१ पट. उभ्या दिशेला ९०० ÷ ७६८ म्हणजे सुमारे १.१७ पट. दोन्ही ताण सारखे असते तर वर्तुळ नुसते मोठे झाले असते. पण पहिल्याला दुसऱ्याने भागले तर उत्तर बरोबर १.२ येते. आणि बाराला दहाने भागले तर? १.२! त्या मुलीने पट्टी लावून काढलेल्या दोन आकड्यांतच सगळ्या रोगाचे निदान होते. कोणी ते वाचले नाही, एवढेच.

अक्षरे पुसट दिसत होती त्याचेही कारण हेच. एक ठिपका १.४१ ठिपक्यांत बसवायचा तर शेजाऱ्याचा रंग थोडा मिसळावाच लागतो.

मग कार्डाने चुकीचे आकडे का पाठवले? हे संगणकालाच विचारले पाहिजे, आणि विचारण्याची जागा म्हणजे ती काळी खिडकी. तुम्ही ती पाहिली असेल. तिच्यात चित्रे नसतात, बटणे नसतात, नुसती एक लुकलुकणारी खूण असते. आपण आज्ञा टंकायची, ती उत्तर देते. तेथे मी सहा इंग्रजी अक्षरे टंकली: एक्स, आर, ए, एन, डी, आर. याचा उच्चार ‘एक्स-रँड-आर’ असा करू. पडद्याची वाट ज्या खुंटीला जोडलेली असते तिचे नाव आणि त्या वाटेने पाठवता येणाऱ्या मोडची यादी असे उत्तर आले. चालू मोडपुढे चांदणी होती. यादीत १०२४ × ७६८, ८०० × ६००, ६४० × ४८० असे मोजकेच मोड होते. १४४० × ९०० चा पत्ताच नव्हता!

येथे थोडे थांबू या, कारण ही गोष्ट फार सुरेख आहे. प्रत्येक आधुनिक पडद्याच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते. १२८ बाइटची, म्हणजे १२८ आकड्यांची, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिला ‘ईडीआयडी’ म्हणतात. पडदा कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वर्षाचा, किती सेंटिमीटर लांब-रुंद, त्याला कोणता मोड सर्वांत मानवतो, हे सारे त्यात असते. आणि शेवटचा आकडा असा निवडतात की, १२८ आकड्यांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा. भाग गेला नाही तर संगणकाने समजायचे की, पत्रिका वाटेत कोठेतरी चुकली. विभाज्यतेच्या कसोट्या तुम्ही पाचवीत शिकलात, त्या नुसत्या परीक्षेसाठी नव्हत्या बरे का!

ही पत्रिका केबलमधून येते. जुन्या व्हीजीए केबलच्या तोंडाशी १५ पिना असतात. त्यांतल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना या पत्रिकेच्या ने-आणीसाठी वापरतात. रंग वेगळ्या पिनांवरून जातात. म्हणून यांतली एखादी पिन वाकली, किंवा स्वस्त केबलमध्ये तिची तार घातलेलीच नसली, तर चित्र व्यवस्थित दिसते पण पत्रिका पोहोचत नाही. पत्रिका नाही म्हटल्यावर संगणक सावधगिरीने सर्वांना झेपतील असेच मोड यादीत ठेवतो. त्या शाळेत केबल बाहेर काढून पाहिली तर बारावी पिन आत दबलेली होती.

केबल बदलणे हा सरळ उपाय. पण दुसरी केबल शाळेत नव्हती. तेव्हा पडद्याचे आकडे आपणच संगणकाला सांगायचे ठरवले. त्यासाठी सी, व्ही, टी या तीन अक्षरांची आज्ञा आहे. तिच्यापुढे १४४० आणि ९०० लिहिले की ती एक ओळ रचून देते. त्या ओळीतले आकडे असे (टंकताना अर्थात इंग्रजी अंक वापरायचे):

१०६.५०  १४४०  १५२८  १६७२  १९०४  ९००  ९०३  ९०९  ९३४

पहिला आकडा वेग आहे: सेकंदाला १०६.५० दशलक्ष ठिपके, म्हणजे दहा कोटी पासष्ट लाख. पुढचे चार आडव्या ओळीचे, शेवटचे चार उभ्या रांगेचे. दाखवायचे ठिपके १४४०, मग ओळीची एकूण लांबी १९०४ का? तुम्ही वहीत लिहिताना ओळ संपली की हात उचलून पुन्हा डाव्या समासाकडे आणता. तेवढ्या वेळात काही लिहून होत नाही, पण वेळ तर जातोच. जुन्या, पोटफुग्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत असाच मागे आणावा लागे. १५२८ ते १६७२ या काळात कार्ड ‘ओळ संपली, मागे फिर’ असा इशारा देते. पान संपले की खालून वर यायचे, त्याचा इशारा ९०३ ते ९०९, अवघ्या सहा ओळींचा. झोत गेला, चपटे पडदे आले, तरी हा मोकळा वेळ पाळण्याची रीत राहिली आहे. तो वेळ कमी करून घेण्याची सोय मात्र त्याच आज्ञेत आहे. ती वापरली तर १९०४ चे १६०० होतात आणि वेगही ८८.७५ दशलक्षावर येतो.

आता १९०४ ला ९३४ ने गुणा. १७,७८,३३६. याने १०,६५,००,००० ला भागा. उत्तर ५९.८९ च्या जवळ येईल. पडदा सेकंदाला इतक्या वेळा नवा होतो. आणखी एक उदाहरण देतो, घरी करून पाहा. १९८७ साली आलेल्या व्हीजीए कार्डाचा ६४० × ४८० हा मोड: वेग २५.१७५ दशलक्ष, ओळीची एकूण लांबी ८००, एकूण ओळी ५२५. उत्तर साठच्या किती जवळ येते?

ही ओळ घेऊन एक्स-रँड-आरला तीन आज्ञा दिल्या. पहिली, हा नवा मोड नोंदवून घे. दुसरी, या खुंटीच्या यादीत तो घाल. तिसरी, आता तोच लाव. पडदा क्षणभर काळा झाला. मुले ‘गेला, गेला’ म्हणून ओरडली. मग तो उजळला आणि अक्षरे कोरल्यासारखी दिसू लागली.

त्या मुलीला मी पुन्हा पट्टी लावायला सांगितले. आडवा व्यास साडेआठ, उभाही साडेआठ. ती म्हणाली, “काका, पण दहाचे साडेआठ कसे झाले?” हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवतो. १२ ला १४४० ÷ १०२४ ने भागा आणि १० ला ९०० ÷ ७६८ ने भागा. तेच वर्तुळ, तेवढेच ठिपके.

एक सावधगिरीचा शब्द. जुन्या पोटफुग्या पडद्यांना भलताच वेग दिला तर ते बिघडू शकत, म्हणून त्या काळी अशा आज्ञांसोबत इशारा छापलेला असे. आजचे चपटे पडदे न पेलणारा मोड आला की बहुधा ‘मर्यादेबाहेर’ असा मजकूर दाखवून गप्प बसतात. तरीही शाळेच्या यंत्रावर हा प्रयोग शिक्षकांना विचारूनच करा. आणि लिनक्सच्या पुष्कळ नव्या आवृत्त्यांत पडद्याचा कारभार ‘वेलँड’ नावाच्या वेगळ्या व्यवस्थेकडे असतो. तेथे एक्स-रँड-आर माहिती सांगते, पण मोड बदलू देत नाही. तेथे मार्ग वेगळा, आकडे मात्र हेच.

आता माझे मत सांगतो. शाळेत संगणक शिकवताना आपण मुलांना टिचकी मारायला शिकवतो, विचारायला शिकवत नाही. काळी खिडकी कोणी उघडली तर ‘बंद कर, बिघडेल’ म्हणतो. हे मला पटत नाही. सातवी-आठवीपासून पडद्याचा मोड काळ्या खिडकीतून विचारता आणि सांगता आला पाहिजे, असे मला वाटते.

यावर मला सांगण्यात आले की, सेटिंगच्या खिडकीत सगळे चित्रांनी दिलेले असते, मग आज्ञा पाठ कशाला करायच्या? त्या शाळेत ती खिडकीही मी उघडून पाहिली होती. तिच्यात तीच तुटपुंजी यादी होती. यादीतले निवडा, नाही तर उठा! खाणावळीत फळ्यावर लिहिलेलेच पदार्थ मिळतात. स्वयंपाकघरात शिरलात तर डब्यांत काय आहे ते दिसते आणि हवे ते रांधता येते. चित्रांची खिडकी वाईट नाही, रोजच्या कामाला तीच सोयीची. पण तिने हात टेकले की पडदा भंगारात काढायचा, ही रीत महाग आहे. तो पडदा भंगारात गेला असता तर त्यातील काच, प्लॅस्टिक, पारा आणि शिसे कोठेतरी जमिनीत किंवा कोणाच्या तरी फुफ्फुसात गेले असते. जुन्या पुष्कळ चपट्या पडद्यांच्या आतील दिव्यांत पारा असतो.

दुसरे असे की, टिचकी सांगता येत नाही, आज्ञा सांगता येते. ‘तिथे कोपऱ्यात दाब, मग ते खाली ओढ’ असे दूरध्वनीवर सांगून पाहा, म्हणजे कळेल. आज्ञा वहीत उतरवता येते. प्रयोगवहीत आपण ‘कृती’ लिहितो ना, तशी. त्या दिवशी मुलांनी तिन्ही आज्ञा वहीत लिहून घेतल्या. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की असा मोड विसरला जातो. ही एका परीने सोयच आहे, कारण चूक झाली तरी कायमची होत नाही. म्हणून त्याच तीन ओळी एका धारिकेत घालून, यंत्र सुरू होताना त्या आपोआप चालाव्यात अशी व्यवस्था केली. हे काम दोन मुलांनी केले, मी बाकावर बसून चहा घेतला.

तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करणारा होता. एक बाई म्हणाल्या, “आमच्या मुलांना ती खिडकी परकी वाटते हो. तिच्यात सगळे इंग्रजीच.” हे खरे आहे, आणि ते असे का आहे याचे उत्तरही मोडमध्येच आहे.

सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांवर पडद्याचा नेहमीचा मोड ‘अक्षर-मोड’ असे. ठिपके नाहीत, घरेच मोजायची. एका ओळीत ८० घरे, अशा २५ ओळी. व्हीजीए कार्डावर एक घर ९ ठिपके रुंद व १६ ठिपके उंच. म्हणजे एकूण ७२० × ४००. डॉस या प्रणालीत ‘मोड’ याच नावाची आज्ञा होती. तिने ओळी ५० करता येत, पण मग एका घराची उंची आठच ठिपके उरे. पळस्प्याच्या गाडीवरची पाटी आठवली ना? आणि खरी अडचण उंचीपेक्षा मोठी होती. एका घरात एकच चिन्ह, आणि चिन्हांची पेटी २५६ ची. आपली ३४ व्यंजने बाराखडीने गुणली तरच ४०८ होतात, जोडाक्षरे तर अजून मोजलीच नाहीत. मात्रा वेगळ्या कोरून ठेवल्या तर संख्या आटोक्यात येते. पण मग मात्रेला अक्षराच्या डोक्यावर बसवणार कसे? तिला शेजारचे स्वतंत्र घर मिळणार!

ही कोंडी फोडण्याचे काम आपल्याच देशात झाले. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र घडवले गेले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे वाढले. जिस्टचे एक कार्ड संगणकात खोचले की देवनागरी अक्षरे जुळवण्याचे आणि रेखाटण्याचे काम ते कार्ड करी, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही मराठी मजकूर टंकता येई. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे मानकही ठरले. म्हणजे ज्यांनी पडद्यावर मराठी आणले, त्यांना आधी घरे, ठिपके आणि ओळी यांचा हिशेब करावा लागला. दिलेल्या यादीत मराठी नव्हतेच.

आज सर्वत्र चित्र-मोड आहे, मोबाइलवर ‘पुणे’ सुबक दिसते, म्हणून हा प्रश्न संपला असे आपण समजतो. तुमच्या शाळेत लिनक्स असेल तर शिक्षकांच्या परवानगीने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबून पाहा. चित्रे जातील, निव्वळ काळा पडदा येईल. (परत येण्यासाठी एफ-३ ऐवजी एफ-१ किंवा एफ-२, काही यंत्रांवर एफ-७.) मराठी नाव दिलेली धारिका तेथे यादीत पाहिलीत, तर अक्षरांच्या जागी बहुधा चौकोन किंवा ठोकळे दिसतील. तेथे चिन्हांची पेटी अजून २५६ ची, फार तर ५१२ ची असते. बाई म्हणाल्या ते परकेपण या पेटीत आहे. ती मोठी करण्याचे काम ज्याला काळी खिडकी उघडायची भीती वाटते त्याच्या हातून होणार नाही, असे मी त्यांना म्हणालो. त्यावर त्या हसल्या, पण त्यांना ते पूर्ण पटले असे वाटले नाही.

निघताना ती सातवीतली मुलगी फाटकापर्यंत आली. शाळेच्या सभागृहातल्या प्रोजेक्टरवर वर्तुळ मोजायचे तिने ठरवले होते. पण त्यासाठी कंपासपेटीतली पट्टी पुरणार नव्हती. शिंप्याकडची टेप चालेल का, असे ती विचारत होती.